जुने गोवे : घाटाखालची ओस राजधानी

सुटी लागली की आपल्याकडची गाडी चोर्ला घाट उतरते ती थेट समुद्रकिनाऱ्याकडे किंवा मंगेशीला. पणजीच्या अलीकडे मांडवीकाठी असलेले जुने गोवे 'येताना पाहू' म्हणून राहून जाते. युरोपातले जुने शहर पाहायला लाखभर खर्च येतो; त्याच घडणीचे हे शहर मात्र बेळगावहून अडीच-तीन तासांवर आहे. निपाणीकरांना आंबोलीमार्गेही जाता येते.

हे शहर आपल्याला परके नाही. गोव्याच्या कदंबांची दुसरी राजधानी आपल्या खानापूर तालुक्यातली हलशी. पुढे बहामनी वजीर महमूद गवानने १४७२ च्या सुमारास गोवा आणि बेळगाव दोन्ही जिंकले, आणि नंतर दोन्हींवर विजापूरची आदिलशाही आली. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने हे बंदर घेतले, तेव्हा वाटा वेगळ्या झाल्या. सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याच्या दरवाजाची काळ्या दगडाची चौकट अजून उभी आहे. मुलांना आधी ती दाखवावी.

नंतर से कॅथेड्रल. १५६२ मध्ये सुरू झालेले काम १६१९ मध्ये संपले. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, म्हणून दर्शनी भाग एका बाजूला तोकडा दिसतो. समोर १६०५ चे बॉम जेझू. येथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव चांदीच्या पेटीत आहे. खालची संगमरवरी बैठक इटलीतल्या फ्लॉरेन्सहून आली. या चर्चचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला, त्यामुळे उघडा जांभा दर पावसाळ्यात झिजतो. जांभ्याच्या घरात राहणाऱ्याला यातला धोका सांगावा लागत नाही.

टेकडीवर सेंट ऑगस्टिनचा सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धवट मनोरा आहे. १८३५ मध्ये मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. २०१३ मध्ये जनुकीय तपासणीने त्यांची ओळख पटली आणि २०२१ मध्ये त्या जॉर्जियाला देण्यात आल्या.

वैभवाबरोबर दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. देवळे पाडली गेली, अनेक देव नदीपार गेले. आपण ज्या मंगेशीला जातो तो देवही मूळचा कुठ्ठाळीचा. १५६० ते १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय चालले. त्याच काळात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठीत 'क्रिस्तपुराण' रचले, ते १६१६ मध्ये छापले गेले. या दोन्ही गोष्टी एकाच राजवटीत घडल्या. एक सांगून दुसरी लपवू नये.

साथींनी शहर पोखरले, लोक पणजीकडे सरकले आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे तिकडे गेली. १९८६ पासून येथील चर्च व मठ जागतिक वारशात आहेत.

शक्यतो सकाळी लवकर जावे. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबावे, अंगभर कपडे असावेत. सवड असेल तर आधी एखाद्या रविवारी हलशीचे भूवराह नरसिंहाचे देऊळ पाहून घ्यावे. घाटावर आणि घाटाखाली एकाच राज्याची दोन टोके होती, हे मुलांच्या आपोआप ध्यानात येईल.