सगळेच ढेकूण रक्त पीत नाहीत!

दिवाळीनंतर परतूरला नणंदेकडे गेले होते. वेचणीचा कापूस घरातच रचलेला आणि त्याला लागूनच बाळाची बाज. सकाळी पाहतो तर बाजेवर लालभडक किडे! "अगंबाई, केवढाले हे ढेकूण! रात्रभर बाळाचं रक्त प्यायले असतील," म्हणत वन्संनी शेतात फवारायच्या औषधाची बाटलीच उचलली. मी हात धरला म्हणून बरं.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी कापूस येत असेल, तर हा फरक ओळखून ठेवा.

कपाशीवरचा लाल ढेकूण आणि बाजेतला ढेकूण हे लांबचे भाऊबंद. दोघेही सुईसारखी सोंड खुपसून रस ओढतात. पण ताट मात्र वेगळं, बरं का!

लाल ढेकूण बोंडातल्या सरकीचा रस शोषतो. त्याने सरकी पोचट होते, रुई डागाळते. तो लांबट, सुमारे दीड सेंटिमीटरचा. पंखांवर काळे ठिपके, पोटावर पांढरे आडवे पट्टे. भेंडीवरही दिसतो. रक्त हे त्याचं अन्नच नव्हे. अंडी ओलसर मातीत घालतो, म्हणून बाजेत त्याची वीण वाढत नाही.

बाजेतला ढेकूण चपटा, तपकिरी, मसुराएवढा, उडता न येणारा. तो रक्तावरच जगतो. वाढताना पाच वेळा कात टाकतो आणि दर वेळी आधी त्याला रक्त लागतं. दिवसा सांध्यांत, गादीच्या शिवणीत दडतो. चादरीवर काळे ठिपके दिसले की समजावं!

आता उपाय. लाल ढेकूण असतील तर कापूस उन्हात पसरा, किडे साबणाच्या पाण्यात झटका. चिरडू नका, डाग पडतात. अंथरुणं कापसापासून लांब घाला.

खरे ढेकूण असतील तर बाज अंगणात काढून सांध्यांत उकळतं पाणी ओता. चादरी, अभ्रे उकळत्या पाण्यात भिजवा. गादीच्या शिवणी ब्रशने घासा, भिंतीच्या भेगा बुजवा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा हेच करा, कारण राहिलेल्या अंड्यांतून पिल्लं निघतात.

मात्र शेतातलं औषध अंथरुणावर कधीही नको! ढेकूण थेंबभर रक्त नेईल. ते विष बाळाच्या श्वासातून, कातडीतून अंगात भिनेल.

वन्संनी बाळाचं झबलं काढून पाहिलं. अंगावर एकही गांधी नव्हती. ती बाटली त्याच दिवशी घराबाहेर कुलपात गेली.