खोकडाचे बीळ आणि छायाचित्रकार

पवनाकाठच्या काळेवाडीत शेतांच्या जागी घरे झाली. खोकड पाहावयाचे तर बारामती-इंदापूरचे माळ गाठावे. कोल्ह्याहून लहान, काळ्या टोकाच्या शेपटीचा हा प्राणी उंदीर व किडे खाऊन शेतकऱ्याचेच काम करतो. त्याचे छायाचित्र घेण्यास आमची हरकत नाही. परंतु फेब्रुवारी ते मे बिळात पिले असतात. माणसे फार जवळ आल्यास मादी पिले अन्यत्र हलविते, व वाटेत ती कुत्र्यांच्या तोंडी पडण्याचे भय असते. म्हणून वाटेवरच गाडी उभी करून दुरून पाहावे. दिव्याचा झोत टाकू नये. खाणे घालू नये. कुत्री बांधून ठेवावी. १९७२ च्या कायद्याने त्यास संरक्षण आहेच. परंतु ज्याच्या माळावर बीळ आहे त्या मालकानेच पाहुण्यास दूर थांबविले, तरच ते बिळापर्यंत पोहोचेल, असे आम्हांस वाटते.