पहिल्या फेरीचा जमाखर्च

शिवडीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून लालबागच्या दिशेला पाहिलं, की एका उंच टॉवरच्या पोटाशी, सातव्या-आठव्या मजल्याच्या सपाटीवर निळ्या रंगाचं एक टेनिस कोर्ट दिसतं. टॉवर उभा राहत होता तेव्हा त्याच्या जाहिरातीत हे कोर्ट फार ठळक होतं. रोज तिथे कोण खेळतं ते देव जाणे. सकाळी एक पोट सुटलेले गृहस्थ आणि त्यांचा कोच, एवढीच मंडळी मला दिसतात. बँकेत पस्तीस वर्षं काढली, की दिसेल त्या आकड्याला कशाने तरी भाग द्यायची खोड लागते. टेनिसच्या कोर्टाच्या आखीव रेषा ७८ फूट बाय ३६ फूट असतात. पण खेळाडूला मागे नि बाजूला धावायला जागा लागते, ती धरली की साधारण १२० बाय ६० फूट. म्हणजे ७,२०० चौरस फूट. आमच्या भागातल्या बी.डी.डी. चाळीची खोली १६० चौरस फुटांची. भागाकार करून पाहा. एका टेनिस कोर्टात बरोबर पंचेचाळीस बिऱ्हाडं बसतात.

गिरणगावाने कबड्डीपटू दिले, कॅरमपटू दिले, व्यायामशाळांतून पहिलवान दिले, क्रिकेटवाले तर गल्लोगल्ली दिले. टेनिसपटू दिल्याचं मला तरी आठवत नाही. दोन चाळींच्या मधल्या पट्ट्यात कबड्डीचं मैदान आखता येतं. टेनिस मुळातच जिमखान्याचं, बंगल्याच्या आवाराचं. १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री आपल्या मुंबईचीच होती, लीला राव. संस्कृतात लिहिणाऱ्या पंडिता क्षमा राव यांची ती मुलगी. घरात डॉक्टर वडील, संस्कृत काव्य आणि टेनिस एकत्र नांदत होतं. पण तो हौशी खेळाचा जमाना. जिंकलं तर चषक, हरलं तर हस्तांदोलन. रॅकेटवर पोट भरायचा प्रश्नच नव्हता, कारण पोट आधीच भरलेलं होतं.

हे सगळं डोक्यात आलं ते ३० सप्टेंबर २०२३ रोजी. अनंत चतुर्दशी होऊन दोनच दिवस झाले होते. लालबागच्या रस्त्यावरचा गुलाल अजून नीट धुतला गेला नव्हता, आणि विसर्जनाला रात्रभर जागलेल्या आमच्या मजल्यावरच्या पोरांचे घसे बसलेले होते. त्या दिवशी चीनमधल्या हांगझाऊ शहरात आशियाई क्रीडास्पर्धेचा मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला. भारताकडून रोहन बोपण्णा, वय वर्षं ४३, आणि त्याच्या जोडीला ऋतुजा भोसले. समोर चिनी तैपेईची जोडी. पहिला सेट आपण २-६ असा गमावला. दुसरा ६-३ असा घेतला, आणि दहा गुणांचा निर्णायक टायब्रेकर १०-४ असा जिंकून सुवर्णपदक मिळवलं. शेजारचा प्राथमिक शिक्षक असलेला तरुण माझ्याकडे आला होता. तो म्हणाला, "काका, ही भोसले कुठली?" म्हटलं, "श्रीरामपूरची." "आपली मराठी? मग इतकी वर्षं होती कुठे?"

प्रश्न भाबडा होता, पण त्याचं उत्तर द्यायला मला चहाचे दोन कप लागले. तेच इथे जरा सविस्तर सांगतो.

ऋतुजाचा जन्म १९९६ सालचा. श्रीरामपूर म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं उसाचं गाव. वडील पोलीस खात्यात. २०१२ साली, म्हणजे दहावी-अकरावीच्या वयात, ती फेडरेशन चषकासाठी भारताच्या संघात होती. मग ती अमेरिकेला टेक्सास ए अँड एम विद्यापीठात गेली. तिथली विद्यापीठं चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, शिकवतात आणि आपल्या संघाकडून खेळवतात. शिक्षण संपवून ती परतली आणि व्यावसायिक टेनिसच्या खालच्या पायऱ्यांवर पुन्हा उभी राहिली. मार्च २०२० मध्ये दुबईत भारतीय मुलींचा संघ इतिहासात प्रथमच या चषकाच्या प्ले-ऑफपर्यंत पोचला, त्या संघात सानिया मिर्झा आणि अंकिता रैना यांच्याबरोबर ऋतुजा होती. पण त्याच महिन्यात टाळेबंदी लागली, मग ती बातमी लक्षात कोणाच्या राहणार?

तेव्हा "होती कुठे" याचं उत्तर असं, की ती खेळत होती. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावी खेळत होती. आपण पाहत नव्हतो.

आता या खालच्या पायऱ्यांचा हिशेब. आपल्याला टीव्हीवर दिसतं ते विम्बल्डन. त्याखाली महिला टेनिस संघटनेच्या मोठ्या स्पर्धा, आणि त्याखाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या शेकडो छोट्या स्पर्धा. त्यातल्या सगळ्यांत खालच्या स्पर्धेचं एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. एकूण, म्हणजे विजेतीला नव्हे. ते बत्तीस एकेरीवाल्या मुली आणि दुहेरीच्या सोळा जोड्या यांच्यात वाटलं जातं. पहिल्या फेरीत हरणारीच्या हाती शे-दीडशे डॉलर पडतात. विमानाचं तिकीट, व्हिसा, खोलीभाडं, जेवण, रॅकेटला तार भरून घेणं हे सगळं तिचं तिने पाहायचं. महासंघानेच २०१३ सालच्या आकड्यांवरून एक पाहणी केली होती. व्यावसायिक खेळाडू मुलीचा वर्षाचा सरासरी खर्च निघाला ४०,१८० डॉलर, आणि तोही कोचचा पगार न धरता. २०२५ सालच्या भावाने चौतीस-पस्तीस लाख रुपये. आणि उत्पन्न व खर्च यांची तोंडमिळवणी कुठे होते, तर महिलांच्या जागतिक क्रमवारीत २५३व्या क्रमांकापाशी. तिच्या खालची प्रत्येक मुलगी तोट्यात खेळते. जगातली तीनशेवी वकील किंवा तीनशेवी डॉक्टर तोट्यात असते, असं कधी ऐकलंय का तुम्ही?

त्यात क्रमवारीच्या गुणांची तऱ्हा आणखी वेगळी. बँकेत पैसा ठेवला की निदान मुद्दल राहतं. इथे मिळवलेला गुण बावन्न आठवड्यांनी आपोआप वजा होतो. गेल्या वर्षी याच आठवड्यात तुम्ही एखादी स्पर्धा जिंकली असेल, तर यंदा तितकंच जिंकावं लागतं, तेव्हा कुठे आहे तिथे राहता येतं. घोटा दुखावला, तीन महिने घरी बसलात, की वरच्या स्पर्धेचं दार बंद होतं आणि पुन्हा पात्रता फेरीच्या रांगेत उभं राहावं लागतं. आमच्याकडे अशी ठेव योजना काढली असती तर खातेदारांनी शाखेच्या काचा फोडल्या असत्या.

बँकेवरून आठवलं. १९९८-९९ च्या सुमाराला मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक दिवस शाळेतले एक कारकून आणि त्यांची पत्नी आली. मुलगी तेरा-चौदा वर्षांची, सोबत होती, उन्हाने रापलेली, उजवा हात डाव्यापेक्षा दिसण्याइतका भरलेला. तिला दिल्लीला टेनिसच्या स्पर्धेला जायचं होतं आणि कर्ज हवं होतं. आमच्याकडे म्हशीला कर्ज होतं, विहिरीवरच्या इंजिनाला होतं, पिठाच्या गिरणीला होतं. टेनिसला नव्हतं. मी नियमांचं पुस्तक चाळत होतो तेवढ्यात त्या बाईंनी हातातल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. चार तोळ्यांच्या होत्या. सोनेतारणाचा अर्ज भरला, कारणाच्या रकान्यात 'घरगुती गरज' असं लिहिलं आणि बारा हजार रुपये दिले. पुढच्या तीन वर्षांत त्या पाटल्या चार वेळा आल्या आणि चार वेळा सुटल्या. त्या बाईंच्या हातात कमी आणि माझ्या तिजोरीत जास्त राहिल्या असतील. शेवटच्या खेपेला सोडवून नेल्या त्या पुन्हा आल्या नाहीत. मी कारकुनांना विचारलं, "मुलगी काय करतेय?" ते म्हणाले, "डी.एड.ला घातली, साहेब." आवाजात दुःख होतं की सुटका, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

आपल्याकडे मुलीच्या टेनिसला भांडवल येतं ते असं, घरातून. चीनमध्ये याच्या बरोबर उलट. तिथे सरकार लहानपणीच मूल निवडतं, क्रीडाशाळेत घालतं, कोच देतं, प्रवास करवतं आणि मग कमाईतला वाटा घेतं. ली ना ही वुहान शहरातली मुलगी. तिला आधी बॅडमिंटनला घातलं होतं, मग कोचांनी टेनिसकडे वळवली. या पद्धतीत खेळाडूच्या बक्षिसातला ६५ टक्के हिस्सा सरकारजमा व्हायचा. २००८च्या ऑलिम्पिकनंतर ली ना आणि आणखी काही जणींनी स्वतंत्रपणे खेळायची मुभा मिळवली. आपला कोच आपण निवडायचा, खर्च आपला, आणि सरकारला ८ ते १२ टक्के. २०११ साली ती फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि २०१४ साली ऑस्ट्रेलियन. एकेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारी आशियातली ती पहिली. तिकडच्या मुलीला सरकारच्या हातातून सुटायचं असतं, इकडच्या मुलीला सरकारचा हात कुठे आहे तो शोधावा लागतो. दोहोंतलं बरं काय, ते मी सांगू शकणार नाही. पण बुडीत खातं सरकारचं असणं आणि आईच्या पाटल्यांचं असणं यात फरक आहेच.

ली नाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला तिच्यापेक्षा जवळची वाटते ती झांग श्वाई, तिआनजिनची, १९८९ सालची. ही बाई ग्रँड स्लॅम स्पर्धांमध्ये मुख्य फेरीचे चौदा सामने खेळली आणि चौदाही वेळा पहिल्याच फेरीत हरली. चौदा! २०१६च्या जानेवारीत मेलबर्नला गेली तेव्हा खेळ सोडायचा विचार मनात पक्का होत आला होता, आणि आईवडील सामना पाहायला आले होते. पात्रता फेरीतून आलेल्या या मुलीने पहिल्या फेरीत जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या सिमोना हालेपला हरवलं, आणि ती थेट उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. पुढे दुहेरीची दोन ग्रँड स्लॅम विजेतेपदंही तिने मिळवली. गोष्ट इथे संपायला हवी होती, निदान कादंबरीत मी ती इथे संपवली असती. पण २०२३-२४ मध्ये ती एकेरीचे सलग चोवीस सामने हरली. क्रमांक घसरून ५९५ झाला. आणि २०२४च्या सप्टेंबरात बीजिंगला ती पुन्हा जिंकली, तेही एक नव्हे, ओळीने चार सामने. वय पस्तीस.

आपल्या मुलींच्या वाटेत ही झांग पुन:पुन्हा येते. अंकिता रैना अहमदाबादची, पण कोवळ्या वयात पुण्याला आली आणि हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडली. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ती एकेरीच्या उपांत्य फेरीत पोचली आणि झांगकडून दोन अटीतटीच्या सेटमध्ये हरली. कांस्यपदक मिळालं. २०२०च्या मार्चमध्ये अंकिता १६०व्या क्रमांकावर होती. मघाच्या हिशेबाने नफ्यातली, पण ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीला सहज जागा मिळायला हा आकडा पुरत नाही. तिथे शंभराच्या आसपास असावं लागतं.

आणि दुसरी, आपल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. बार्शी म्हटलं की आमच्या पिढीला भगवंताचं देऊळ नि अरुंद रुळांवरची बार्शी लाइट रेल्वे आठवते. त्या गावची मुलगी २०१४ साली इंचॉनला सानियाच्या जोडीने आशियाई कांस्यपदक जिंकली आणि २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये दुहेरीत उतरली. समोर चीनची पेंग श्वाई आणि हीच झांग श्वाई. तीन सेटची झुंज झाली आणि आपल्या मुली पहिल्याच फेरीत बाद झाल्या. दुसऱ्या दिवशी ती एक ओळीची बातमी होती. प्रार्थना मुख्यतः दुहेरी खेळते. दुहेरीत बक्षीस कमी, तेही दोघींत वाटायचं, आणि बऱ्याचदा पुढच्या आठवड्यासाठी जोडीदारीण आजच शोधायची. एकमेकींना जामीन राहण्यासारखाच प्रकार. एकीचा पाय मुरगळला की दुसरीचा हप्ता थकला.

ऋतुजाच्या सुवर्णपदकानंतर सत्कार झाले, हार-तुरे झाले, ते योग्यच होतं. आशियाई स्पर्धेत पदकाबरोबर पैसे मिळत नाहीत, पण त्या वर्षी महाराष्ट्र सरकारने सुवर्णपदक विजेत्यांचं बक्षीस वाढवून १ कोटी रुपये केलं. चांगली गोष्ट. माझ्यातल्या बँकवाल्याची तक्रार एवढीच, की हे पैसे येतात ते पीक हाती आल्यावर. पेरणीच्या वेळी, म्हणजे मुलगी सोळा-सतरा वर्षांची असते आणि कुठल्याशा परदेशी गावात दीडशे डॉलरसाठी पहिली फेरी खेळत असते तेव्हा, तिच्या खात्यावर कोणी काही भरत नाही. शेतकऱ्याला निदान पीककर्ज असतं. ते वेळेवर मिळत नाही ही गोष्ट वेगळी.

शेजारच्या शिक्षकाने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग या मुली खेळतात कशाला?" मला वाटतं, हा प्रश्न मुलांना कोणी विचारत नाही. रणजीत वर्षानुवर्षं खेळून भारताची टोपी न मिळालेले क्रिकेटपटू आपल्या परळ-दादरला आहेत. त्यांना आपण आदराने "रणजी खेळलाय" असं म्हणतो. टेनिसमधल्या तीनशेव्या क्रमांकाच्या मुलीसाठी आपल्याकडे तसा शब्दही नाही. खरं तर तिला रोज उठून जे करता येतं, ते जगात तीनशेच जणींना तिच्याहून बरं जमतं. माझ्या कादंबऱ्यांबद्दल असं कोणी म्हटलं तर मी पेढे वाटीन.

२०२५च्या एप्रिलमध्ये म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात त्याच चषकाच्या लढती झाल्या. आता त्याचं नाव बिली जीन किंग चषक. शेवटची लढत दक्षिण कोरियाशी होती. एकेरीचे दोन सामने होऊन बरोबरी झाली, १-१. निर्णय दुहेरीवर आला. भारताने त्या सामन्यासाठी कोर्टवर पाठवलं ते बत्तीस वर्षांच्या अंकिता रैनाला आणि तिशी ओलांडलेल्या प्रार्थना ठोंबरेला. त्या दोघी जिंकल्या आणि भारत २०२० नंतर पुन्हा एकदा प्ले-ऑफला पोचला. नोव्हेंबरमध्ये बेंगळुरूला ते प्ले-ऑफचे सामने झाले. तिथे भारत स्लोव्हेनियाकडून हरला, मग नेदरलँड्सकडूनही हरला. म्हणजे पुन्हा आशिया-ओशनिया गट, पुन्हा खालून सुरुवात.