मुक्या प्राण्यांची पट्टी : आधार की धोका?

वाहनाची धडक बसून कुत्र्याचा वा मांजराचा पाय मोडला, की जमलेल्यांपैकी कोणीतरी काठी आणि दोरी शोधू लागतो. हेतू चांगला असला, तरी घाईघाईने आवळलेली पट्टी कधीकधी मूळ दुखापतीपेक्षा अधिक घातक ठरते. पट्टीखालचा रक्तपुरवठा खंडित झाला, तर उपचारांनी वाचू शकणारा पायही कापावा लागतो.

काठीचा किंवा फळीचा आधार देतात तो मोडलेले हाड हलू नये म्हणून. त्यासाठी मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा, असे दोन्ही सांधे स्थिर करावे लागतात. पायाच्या खालच्या भागात हे साधते. मांडीचे किंवा दंडाचे हाड मोडल्यास मात्र खुबा वा खांदा साध्या पट्टीत सामावत नाही. उलट पट्टीच्या वजनाने हाडाची टोके अधिकच सरकतात. अशा वेळी काहीही न बांधता प्राण्याला फळीवर अलगद ठेवून दवाखान्यात नेणे श्रेयस्कर. वेदनेने व्याकूळ झालेला प्राणी आपल्या मालकालाही चावू शकतो, याचे भान असावे. माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक असते.

दवाखान्यात तात्पुरत्या आधारासाठी अनेकदा 'रॉबर्ट जोन्स पट्टी' बांधली जाते. ब्रिटिश अस्थिशल्यविशारद सर रॉबर्ट जोन्स (१८५७-१९३३) यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात कापसाचे जाड थर गुंडाळून वरून पट्टी आवळतात. कापसामुळे दाब एका जागी न पडता सर्वत्र सारखा विभागला जातो. पट्टी बोटांकडून वर बांधत नेतात. वरच सुरू करून वरच संपवली, तर पंजा सुजतो. मधल्या दोन बोटांची टोके मुद्दाम उघडी ठेवतात. त्यांची नखे एकमेकांपासून फाकू लागली, तर आत सूज वाढत असल्याचे समजावे.

खरी जबाबदारी घरी आल्यावर सुरू होते. उघडी बोटे दिवसातून दोनदा तरी पाहावीत. ती थंड लागणे, पट्टीला दुर्गंधी येणे, ती ओली होणे वा घसरणे, ही धोक्याची चिन्हे होत. प्राणी अचानक पट्टी चावू लागला, तर तो खोडकरपणा समजून दुर्लक्ष करू नये. बहुधा आत काहीतरी दुखत असते. बाहेर नेताना पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी, पण घरात येताच ती काढावी. अन्यथा आतील ओलाव्याने कातडी सडते. पिल्लांची वाढ झपाट्याने होत असल्याने आज नीट बसलेली पट्टी आठवड्याभरात आवळू शकते. त्यांची तपासणी म्हणूनच अधिक वेळा करावी लागते.

यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकाला गाठावे. पट्टी पुन्हा बांधता येते, गमावलेला पाय मात्र परत मिळत नाही.