खारघर ते घाटघर

खारघरकरांना धबधबा पाहायला गाव सोडावं लागत नाही. आषाढात गोल्फ कोर्समागच्या डोंगरावरून पांडवकडा कोसळू लागला की अर्ध्या वसाहतीच्या गॅलऱ्यांत मोबाइल वर होतात. 107 मीटरची उडी आहे ती, पस्तीसएक मजल्यांची. फक्त त्याखाली भिजता येत नाही. डोंगरमाथ्यावर सर कोसळली की खाली ऊन असतानाही ओढ्याला लोंढा येतो. अशा लोंढ्यात आणि डोहात इतकी माणसं गेली की वनखात्याला पावसाळ्यात तिथे जायला बंदी घालावी लागली. ती योग्यच आहे. मग शनिवारी सकाळी गाड्या निघतात आणि त्यातल्या बहुतेक द्रुतगती मार्गाने लोणावळ्याला जाऊन एकमेकींच्या मागे उभ्या राहतात.

त्यापेक्षा गाडी उलट्या दिशेला, तळोज्याकडे वळवावी. शिळफाटा, काटई, नेवाळी. उजवीकडे ढगात मलंगगड दिसतो-न दिसतो तोच अंबरनाथ येतं. आडनावासारखं सगळ्यांना ठाऊक असलेलं हे रेल्वे स्टेशन. पण ज्याच्यावरून ते नाव पडलं ते शिवमंदिर लोकलने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं असेल, शंकाच आहे. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060 हे साल आहे आणि तेव्हाच्या शिलाहार राजाचं, मुम्मुणीचं, नाव आहे. लोक याला सर्रास 'हेमाडपंती' म्हणतात. हेमाडपंत देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. म्हणजे त्याच्या जन्माआधी दोनेकशे वर्षं हे देऊळ उभं होतं. चुना न वापरता दगडात दगड बसवला की तो हेमाडपंती, एवढ्यावर आपण विषय मिटवतो. अभ्यासक याला भूमिज शैली म्हणतात: शिखराच्या चारी बाजूंनी वर चढत जाणारा एकेक उभा पट्टा आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी. मध्य प्रदेशातलं उदयपूरचं प्रसिद्ध उदयेश्वर मंदिर याच शैलीतलं, पण अंबरनाथहून थोडं अलीकडचं. इथे मात्र शिखर अर्धवटच आहे. पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखालच्या गाभाऱ्यात गेलं की वर उघडं आभाळ दिसतं. भिंतीवरची शिल्पं झिजली आहेत, शेजारच्या वालधुनी नदीचं काय झालंय ते डोळ्यांआधी नाकाला कळतं. तरी तासभर द्यावा.

कल्याण, गांधारी पूल आणि पडघा ओलांडून नाशिक महामार्गाला लागलं की पुढचा रस्ता सरळ आहे. कसाऱ्याजवळच्या विहीगावला 'अशोका' धबधबा आहे. 2001 सालच्या शाहरुख खानच्या चित्रपटाने त्याचं हे बारसं केलं. आता तिथे चित्रपटापेक्षा गर्दी मोठी असते. कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, आणि घोटीहून बारीच्या रस्त्याने उजवीकडे कळसूबाईला, 1646 मीटरच्या राज्यातल्या सर्वोच्च शिखराला ठेवत भंडारदरा. खारघरपासून वाकडी वाट धरून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर.

इथपर्यंतचा घाट म्हणजे लाव्ह्याचे आडवे थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते एकावर एक साचले. काही थर टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर आधी झिजतो, वरचा टणक थर तुटून पडतो आणि कडा उभाच राहतो, म्हणून सह्याद्रीत पाणी घरंगळत नाही, उडी मारतं. तोच काळा कातळ घडवून खालची देवळं झाली.

भंडारदऱ्याचं पाणी पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: ते बरंचसं सोडलेलं पाणी आहे. प्रवरेवरचं हे धरण इंग्रजांनी 1910 ते 1926 या काळात खालच्या शेतीसाठी बांधलं. धरणाच्या पायथ्याचा प्रसिद्ध 'अंब्रेला' धबधबा म्हणजे धरणाची मोरी उघडल्यावर गोल खडकावरून पसरणारं पाणी. मोरी बंद, तर छत्रीही मिटलेली. खाली रंधा धबधबा 170 फुटांचा, पण त्याचाही जोर वरून किती पाणी सुटलंय यावर ठरतो. म्हणून निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून 'पाणी सोडलंय का' एवढं विचारावं. हे न विचारता गेलेले लोक हिरमुसून भजी खातात. याच मुलखातल्या देवगावचे राघोजी भांगरे. महादेव कोळ्यांच्या बंडाचे हे पुढारी 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले.

जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडीला पोचलं की अमृतेश्वर. मला विचाराल तर या सगळ्या रस्त्यावर थांबावं ते इथे. अंबरनाथला जे शिखर अर्धवट राहिलं ते इथे पूर्ण, त्याच भूमिज धाटणीचं, नजर वरपर्यंत नेणारं. मंदिराला दोन्ही बाजूंनी दारं, शेजारी कोनाड्यांतल्या मूर्तींची चौकोनी पुष्करणी, मागे रतनगड. प्रवरा उगम पावते ती या गडावर. शिलाहार राजा झंझ याने नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं बांधली आणि हे त्यातलं एक, अशी परंपरा सांगते. झंझाने शंभूची बारा देवळं उभारल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटात आहे, ती नेमकी कुठली हे मात्र लोकांनी ठरवलं. या झंझाला अल् मसूदी या अरब प्रवाशानेही नोंदवून ठेवलंय: तो 916 साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला उतरला, तेव्हा तिथे याचंच राज्य होतं. इथून निघालेली प्रवरा नेवाशावरून वाहत गोदावरीला मिळते, आणि नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली.

रतनवाडीत जेवण घरगुती मिळतं: तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. भात गावचाच आहे का, हे विचारावं. अकोले तालुक्याच्या याच पट्ट्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं बियाणं जपलं, आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पुढे घाटघर. राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या गावांत याची गणना होते. इथल्या कोकणकड्यावर वारा जोरात असला की खाली पडणारं पाणी उलटं वर उडतं. खरं उलटं पाणी मात्र डोंगराच्या पोटात आहे. घाटघर उदंचन प्रकल्पाचा एक जलाशय घाटमाथ्यावर, दुसरा खाली कोकणात, शहापूर तालुक्यातल्या चोंढ्याला. विजेची मागणी वाढली की पाणी खाली सोडून 250 मेगावॅट वीज काढायची आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत वर चढवायचं. 2008 पासून हे चालू आहे.

केव्हा जावं? श्रावणात धुक्याने समोरचा कडाही दिसत नाही. गणपती उठल्यापासून दसऱ्यापर्यंत ऊन असतं, पठारांवर सोनकी फुललेली असते आणि बहुतेक धबधबे अजून वाहते असतात. दिवाळीनंतर गेलात तर धबधब्यांचा नाद सोडा. भातकापणी चालू असते आणि देवळांवर तिरपं, कोरडं ऊन पडतं. शिल्पं पाहायला तेच बरं. हाताशी आणखी अर्धा दिवस असला तर सिन्नरचं गोंदेश्वर पाहून या, यादवकाळातलं, पाच देवळांचं पंचायतन.

जाताना जुन्या घाटाने जावं, येताना समृद्धी महामार्गाने. जून 2025 मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा घाट टाळता येतो. बोगद्यात धबधबा नाही, पण रविवारी संध्याकाळी कसाऱ्यात तुंबलेल्या ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये उतरण्यापेक्षा ते परवडलं. फक्त आमण्याला उतरल्यावर भिवंडीच्या कोंडीतून सुटायचं कसं, ते ज्याने त्याने पाहावं.