दहा मिलिमीटरचा हिशेब

सोने चोरीला जाते, यंत्र गंजते, जमीन मात्र जागची हलत नाही, हे बँकेत तारण पाहताना ऐकायला मिळणारे वाक्य. शांघायमध्ये ते कुणी म्हणणार नाही. यांगत्झेच्या मुखाशी गाळावर वसलेल्या या शहराची जमीन खचत असल्याची नोंद १९२१ पासूनची. कारखान्यांनी भूजल उपसले, मातीच्या कणांमधले पाणी गेले, आणि १९६५ पर्यंत काही भागांत जमीन अडीच मीटरहून अधिक खाली बसली. मग उपशावर निर्बंध आले, विहिरींत पाणी परत सोडणे सुरू झाले.

अशा भुईवर २००४ पासून जर्मन तंत्राची चुंबकीय गाडी प्रवासी नेते. लोंगयांग रोड ते पुडोंग विमानतळ, अंतर तीस किलोमीटर. वेग ताशी ४३१ किलोमीटरपर्यंत जाई. २०२१ पासून तो ३०० वर आणला गेला. गाडी मार्गाला टेकतच नाही. चुंबक आणि मार्ग यांत फट राहते ती सुमारे दहा मिलिमीटरची.

आता कुणी म्हणेल, तरंगणाऱ्या गाडीचा जमिनीला कसला भार? परंतु वजन तरंगले म्हणून नाहीसे होत नाही. चाकाखाली एकवटण्याऐवजी ते सलग पसरते इतकेच. खांबांतून, पायाच्या खोल स्तंभांतून ते चिकणमातीत उतरतेच. प्रत्येक फेरीला माती किंचित दबते आणि सगळीच परत उसळत नाही. सारा मार्ग सारखा खचला तर निभते. एकच खांब शेजाऱ्यापेक्षा अधिक खचला तर पंचाईत. म्हणून तिथे तुळयांच्या बैठका पुन्हा जुळवता येतील अशा ठेवल्या आहेत.

जपानमध्ये तर गाडी सुरू होण्याआधीच भुर्दंड पडला. टोकियोहून नागोयाला चाळीस मिनिटांत पोचवू पाहणाऱ्या मार्गाचा बोगदा खणताना गिफू प्रांतातल्या मिझुनामीत विहिरींचे पाणी उतरले, पाठोपाठ जमीनही खचली. २०२४ मध्ये हे उघड झाले आणि तिथले खोदकाम थांबले.

त्या जपानी गाडीखालची फट दहा सेंटीमीटरची, म्हणजे जमीन थोडी हलली तरी ती सांभाळून घेईल. गावच्या विहिरीला अशी सवलत नाही. वाचलेली मिनिटे प्रवाशाच्या खात्यात जमा होतात. आटलेले पाणी कुणाच्या नावे टाकायचे, हे पहिली कुदळ पडण्याआधीच लिहून ठेवायला हवे.