गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि घरचा गारवा

अंबाजोगाईला १९७४ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि मोठा दवाखाना बीड जिल्ह्याच्या दाराशी आला. पण गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन माणूस घरी परतला, की पुढची शुश्रूषा घरच्यांनाच करावी लागते.

सूज दिसली की विटेने शेकायचे, तेल चोळायचे, ही आपली जुनी रीत. ताज्या शस्त्रक्रियेवर ती अपाय करते. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज वाढते. गारव्याने त्या आकसतात, ठणका मंदावतो.

मग गारवा द्यावा कसा? बर्फ फोडून पिशवीत भरावा, तोंड घट्ट बांधावे, कोरड्या पंचात गुंडाळून गुडघ्यावर ठेवावा. पंधरा-वीस मिनिटे पुरे. मग तास-दोन तास विसावा. उघड्या कातडीवर बर्फ ठेवू नये, ठेवून झोपू नये, जखमेची पट्टी भिजू देऊ नये. बर्फ न मिळाल्यास रबरी पिशवीत माठाचे पाणी भरावे. गारवा बेताचा, पण मिळतो. मधुमेहाने पाय बधिर असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण कातडी पोळली तरी कळत नाही. ठणका उतरला की सांगितलेले व्यायाम करावेत. गारवा हा त्यांचा सोबती, बदली नव्हे.

आता कुणी म्हणेल, पोटरी सुजून दुखते, जरा चोळू का? मुळीच नको! आत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. अशा वेळी, किंवा ताप, पू, धाप दिसली, तर बर्फ बाजूला ठेवा अन् तडक दवाखाना गाठा.